वाऱ्याची दांडी आणि तीन आकडी दाब
हवामानाच्या नकाशावर प्रत्येक निरीक्षण केंद्राच्या जागी एक वर्तुळ असतं आणि त्यातून वाऱ्याची दांडी निघते. ही दांडी नैऋत्येला आहे म्हणजे वारा नैऋत्येकडे चाललाय, असा समज होतो. ते उलट आहे. वर्तुळापासून दांडी जिकडे जाते तिकडून वारा येतो. म्हणूनच मॉन्सूनमध्ये कोकण किनाऱ्यावर ती बहुधा समुद्राच्या बाजूला दिसते. दांडीच्या टोकाकडच्या खुणा वेग सांगतात: अर्धी रेघ ५ नॉट (ताशी सागरी मैल), पूर्ण १०, भरीव त्रिकोण ५०. एकटी अर्धी रेघ टोकापासून जरा आत काढतात, नाहीतर ती पूर्ण समजली जाते.

खरा घोटाळा हवेच्या दाबाचा. वर्तुळाच्या उजवीकडे वर लिहिलेलं ०४८ म्हणजे १००४.८ हेक्टोपास्कल (दाबाचं एकक), पण ९८६ म्हणजे ९९८.६. आकडा ५०० च्या खाली असेल तर आधी १०, वर असेल तर ९ लावायचे. तीव्र चक्रीवादळाच्या केंद्राजवळ हा ठोकताळा फसतो: ४५० म्हणजे तिथे ९४५.० असू शकतं. शेजारच्या समदाब रेषा (सारखा दाब असलेल्या जागा जोडणाऱ्या) बघूनच ठरवा.