एकच रोलर कोस्टर सकाळी संथ, संध्याकाळी वेगवान आणि काही वर्षांनी आदळणारा का वाटतो?

आर्वीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातला आहे. मोठ्या रोलर कोस्टरवर बसायचे तर आम्हाला रात्रभराचा प्रवास करावा लागतो, म्हणून एकदा गेलो की फाटक उघडल्यापासून दिवस मावळेपर्यंत तिथून हलायचे नाही, असाच आमचा शिरस्ता. शाळेच्या सहलीत ज्या कोस्टरवर बसलो होतो, त्याच कोस्टरवर यंदा दिवाळीच्या सुट्टीत भाच्यांना घेऊन पुन्हा बसलो, तेव्हा दोन गोष्टी खटकल्या. सकाळच्या पहिल्या फेऱ्यांमध्ये गाडी शेवटच्या उंचवट्यावर अगदी रेंगाळत चढली, पण संध्याकाळी त्याच उंचवट्यावरून ती अशी सुटली की अंग आसनावरून उचलले गेले. दुसरे म्हणजे, वळणांवर खांदे आणि मान पट्ट्यावर आदळत होती, जे शाळकरी वयात मुळीच जाणवले नव्हते. गाडीला ओढणारी साखळी फक्त पहिल्या चढापुरती असते, तर मग संध्याकाळचा जादा वेग येतो कुठून? आणि हादरे खरोखर वाढले आहेत, की वाढले आहे ते माझे वय?

फिटर, हिंगणघाट

आर्वीकर भाऊ, वेग कोणी वाढवत नाही. सकाळी जो वाया जातो तो संध्याकाळी कमी वाया जातो. साखळीने गाडी माथ्यावर नेली की तिला मिळालेली ऊर्जा ठरून गेली. त्यानंतर चाके, बेअरिंग आणि हवा ती खात राहतात. माझा जन्म जिनिंगमध्ये गेला असल्यामुळे बेअरिंगपुरते बोलू शकतो. कापसाच्या हंगामात, पौषातल्या गारठ्यात, पहाटेची पाळी सुरू करताना रिकाम्या मशीनचा अँपमीटरही (मोटार किती वीज खेचते ते दाखवणारे यंत्र) काटा वर दाखवतो, कारण रात्रभरात ग्रीस घट्ट बसलेले असते. बेअरिंगच्या टोपणावर हात ठेवला तर ते गार लागते. तासाभराने ते कोमट झाले की काटा आपोआप खाली येतो, जरी आपण कशालाही हात लावलेला नसतो. कोस्टरच्या प्रत्येक डब्याखाली रुळाच्या वर धावणारी, बाजूने टेकणारी आणि रुळाच्या खालून गाडीला धरून ठेवणारी अशी तीन प्रकारची चाके असतात. त्या सगळ्यांच्या बेअरिंगांमध्ये हाच प्रकार घडतो.

त्यात भर पडते ती चाकांवरच्या पॉलियुरेथेनच्या, म्हणजे रबरासारख्या लवचीक प्लास्टिकच्या, वेष्टनाची. धावताना हे वेष्टन रुळाशी दाबले जाते आणि पुन्हा फुगते. थंड असताना या दाबण्या-फुगण्यात अधिक ऊर्जा उष्णता होऊन जाते, गरम झाल्यावर कमी. गाडी रात्रभर एका जागी उभी राहिली तर वेष्टन खालच्या बाजूला किंचित चपटेही होते, म्हणून पहिल्या काही फेऱ्यांत बारीक थरथर जाणवते आणि नंतर ती जाते. याच कारणाने चालक मंडळी सकाळी रिकामी गाडी किंवा वाळूच्या, पाण्याच्या वजनांनी भरलेली गाडी अनेकदा फिरवून घेतात. फार थंडीत आणि समोरून वारा असताना गाडी उंचवट्यावर न पोहोचता मागे येऊन दोन चढांच्या खोलगटीत अडकण्याचा धोका असतो, आणि तसे झाले तर ती बाहेर काढणे हे मोठे किचकट काम असते. उद्यानाने सकाळी अर्धा तास उशिरा गाडी सोडली तर चिडू नये, असे माझे मत आहे.

भौतिकशास्त्र, दारव्हा

फिटरभाऊंच्या म्हणण्यात एवढीच भर घालतो की सकाळी गर्दी नसते आणि गाडी अर्धी रिकामी धावते, हेही पाहावे. चाकांचे घर्षण साधारणपणे वजनाच्या प्रमाणात वाढते, परंतु हवेचा रोध डब्याच्या आकारावर आणि वेगावर अवलंबून असतो, आतल्या माणसांच्या वजनावर नाही. त्यामुळे भरलेल्या गाडीच्या एकूण ऊर्जेतला हवेने खाल्लेला वाटा लहान ठरतो आणि ती शेवटपर्यंत वेग टिकवते. पाऊस पडून रूळ ओले झाले तरी घर्षण घटून गाडी वेगाने जाते. मात्र ब्रेक जुन्या पद्धतीचे, म्हणजे घासून थांबवणारे असतील तर पावसात त्यांची पकडही घटते, आणि म्हणून काही ठिकाणी पावसात फेऱ्या बंद ठेवतात. चुंबकीय ब्रेकला ही अडचण नाही.

कोस्टरवेडा, वणी

आता वर्षांच्या हिशेबाकडे येतो, कारण खरा प्रश्न तोच आहे. हादरे खरोखर वाढतात, आणि लाकडी कोस्टरमध्ये ते सर्वांत स्पष्ट दिसते. लाकडी रूळ म्हणजे एकावर एक ठोकलेल्या फळ्यांचे थर आणि वर पोलादी पट्टी. लाकूड पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, खिळे-बोल्ट ढिले होतात, आणि उताराच्या तळाशी, जिथे गाडीचा भार सर्वाधिक असतो, तिथे रूळ किंचित दबतो. पांदण रस्त्यावर बंडीचे चाक एका खळग्यात रोज आदळून तो खळगा आणखी खोल करत जाते, तसेच इथे घडते. त्यातच दोन रुळांमधले अंतर थोडे वाढले की गाडी सरळ पट्टीवरही डावी-उजवीकडे आपटत धावते.

म्हणून मोठ्या लाकडी कोस्टरचा रूळ तुकड्या-तुकड्याने सतत बदलावा लागतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला ‘द बीस्ट’ हा १९७९ सालचा कोस्टर आजही चालतो, पण २०२२ च्या हंगामापूर्वी त्याच्या रुळाचा मोठा भाग नव्याने बसवावा लागला. याहून टोकाचा उपाय टेक्ससमध्ये झाला. तिथला १९९० चा ‘टेक्सस जायंट’ इतका खडबडीत झाला होता की तो २००९ मध्ये बंद करून, लाकडी सांगाडा बराचसा राखून, त्यावर पोलादी रूळ बसवण्यात आले आणि २०११ मध्ये तो नव्या रूपात सुरू झाला. ओहायोतलाच १९९१ चा ‘मीन स्ट्रीक’ याच वाटेने २०१८ मध्ये ‘स्टील व्हेंजन्स’ झाला. मूळ कोस्टरांवर टीका करणारेच लोक आता या नव्या रूपांसाठी रांगा लावतात, हे मला मोठे गमतीचे वाटते.

पोलादी कोस्टरचे म्हातारपण वेगळे. रूळ सहसा वाकडा होत नाही. झिजतात ती चाके, बेअरिंग आणि डब्यांचे सांधे, आणि बाजूची चाके रुळाला नेमकी टेकण्याऐवजी मध्ये फट राहिली की प्रत्येक वळणावर ठोका बसतो. तुमचे खांदे आदळले ते बहुधा यामुळेच. ही झीज दुरुस्त होते, त्यामुळे पुढच्या वर्षी तोच कोस्टर पुन्हा मऊ लागला तर नवल नको. शिवाय चाकांचा प्रकारही बदलतात: कडक नायलॉनची चाके वेगवान पण खडखडाट करणारी, मऊ चाके शांत पण संथ. काही ठिकाणी मध्येच वेग कापणारे ब्रेक नंतर बसवतात, म्हणजे रुळावरचा आणि बांध्यावरचा ताण घटतो, पण उंचवट्यावर अंग उचलले जाण्याची मजाही जाते. हा बदल मला स्वतःला सर्वांत नावडता आहे.

फिजिओथेरपिस्ट, यवतमाळ

वयाचा भाग मी सांगते. शाळेत असताना आपल्या डोक्याची उंची पट्ट्याच्या कोणत्या भागाशी येत होती आणि आता कोणत्या भागाशी येते, हे आधी पाहावे. खांद्यावरून येणारा कडक पट्टा एखाद्या उंचीच्या माणसाला नेमका कानाशी लागतो. वयानुसार मानेची लवचीकता कमी होते आणि गोल फिरण्याने मळमळण्याचे प्रमाण पुष्कळांत वाढते. याउलट भीती मात्र कमी होते, कारण पुढचे वळण ठाऊक असल्याने स्नायू आधीच सावरून घेतात. मानेचे किंवा पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी, फलकावरची सूचना औपचारिक समजू नये.

आर्वीकर

सर्वांचे आभार. आमच्या भाच्यांचा हट्ट आता यात्रेतल्या ड्रॅगन गाडीचा आहे. तिलाही हेच लागू पडते का? आणि मोठ्या कोस्टरवर पुन्हा गेलो तर कुठे बसावे?

पाळणेवाला, चिमूर

भाऊ, यात्रेतली ड्रॅगन गाडी मोटारीवर चालते, त्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या वेगाचा फरक तिच्यात फारसा जाणवत नाही. तिचा प्रश्न जमिनीचा आहे. आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. चिमूरच्या घोडा यात्रेसारख्या ठिकाणी मैदानावर रूळ उभा केला की पायांखाली लाकडी ठोकळे आणि पाचरी देऊन पातळी जुळवतात. अवकाळी पाऊस येऊन गेला की एखादा पाय खचतो आणि गाडी त्याच ठिकाणी दर फेरीला उसळते. मुलांना बसवण्यापूर्वी एक फेरी बाहेरून पाहा. गाडी जाताना एखाद्या पायाखालचा ठोकळा हलताना दिसला, तर त्या दिवशी बसू देऊ नका आणि चालवणाऱ्यालाही तसे सांगा.

मोठ्या कोस्टरवर मान सांभाळायची असेल तर ज्या रांगेच्या थेट खाली चाकांची जोडी आहे ती टाळून चाकांच्या मधली रांग मागावी. मागच्या डब्याला माथ्यावरून खाली ओढले जाते, पुढचा डबा मात्र तिथे क्षणभर रेंगाळतो. त्यामुळे भाच्यांना हवेत उचलले जाण्याची हौस असेल तर त्यांना मागे बसवा आणि तुम्ही मधल्या डब्यात बसा.