लिनक्सवरचं वायफाय आणि न सोडवताच बंद होणाऱ्या तक्रारी

अर्धविराम

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेल्या धडधाकट लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, म्हणून ओळखीतल्या बऱ्याच जणांना मी विंडोजऐवजी लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम बसवून दिली. ब्राउझर, मराठी टायपिंग, प्रिंटर सगळं सुरळीत चालतं. घोडं अडतं ते नेटवर्कपाशी.

माझ्याच लॅपटॉपचं सांगतो. झाकण मिटलं, थोड्या वेळाने उघडलं की वायफायची यादी रिकामी. घरातला राउटर नाही, शेजाऱ्यांचेही नाहीत. जोडण्या सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट करून काही फरक पडत नाही. पण टर्मिनलमध्ये मॉडप्रोब या कमांडने ड्रायव्हर (वायफायची चिप चालवणारा प्रोग्राम) काढून परत घातला की यादी लगेच भरते. म्हणजे चिप शाबूत आहे, अँटेना शाबूत आहे. सस्पेंडमधून, म्हणजे झोपेतून, उठताना ड्रायव्हर आणि फर्मवेअरचं (चिपच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) कुठेतरी बिनसतं. मला हे जमतं, पण ज्या काकूंना मी मशीन लावून दिलं, त्यांनी दर वेळी टर्मिनल उघडायचं का?

रीतसर तक्रार नोंदवली, लॉग (मशीनने ठेवलेल्या नोंदी) जोडला, कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, आवृत्ती लिहिली. खाली कितीतरी जणांनी 'माझ्याकडेही हेच' लिहिलं. मग डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या तयार संचाच्या) त्या आवृत्तीची मुदत संपली आणि तक्रार आपोआप बंद झाली. नव्या आवृत्तीत दिसलं तर पुन्हा नोंदवा, म्हणे. नव्या आवृत्तीतही ये रे माझ्या मागल्या!

बग सुटायला वेळ लागतो, हे मान्य. पण न सुटलेली तक्रार बंद करणं मला अप्रामाणिक वाटतं.

पाणंद

असहमत. राग चुकीच्या माणसांवर निघतोय.

वायफायचं फर्मवेअर बहुतेक कंपन्या बंदच ठेवतात. ब्रॉडकॉम या चिप बनवणाऱ्या कंपनीचा इतिहास आठवा. कागदपत्रं मिळेनात, तेव्हा लोकांनी रिव्हर्स इंजिनीअरिंग करून, म्हणजे तयार वस्तू उलगडून, ड्रायव्हर उभा केला. कंपनीने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो थेट सप्टेंबर २०१० मध्ये. ज्याच्या हातात फर्मवेअरचा सोर्सच नाही, त्याने तुमचा बग सोडवायचा कसा?

तक्रारी बंद करण्यालाही कारण आहे. फेडोरा या डिस्ट्रोची एक आवृत्ती साधारण १३ महिने चालते, त्यानंतर त्या आवृत्तीवरचे बग बंद होतात. लाँचपॅडवर (उबुंटू या डिस्ट्रोच्या तक्रारी जिथे नोंदवतात तिथे) अपुरी माहिती असलेली तक्रार ६० दिवस कुणी हात लावला नाही तर बाद होते. हे केलं नाही तर जुन्या तक्रारींच्या ढिगात ताजी, सुटण्याजोगी तक्रार गाडली जाते.

रानजाई

वायफायची वीज वाचवणारं पॉवरसेव्ह बंद करून पाहिलंत का? नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये वायफाय पॉवरसेव्ह ३ असेल तर २ करा. २ म्हणजे बंद.

अर्धविराम

@रानजाई, केलं होतं. अधूनमधून तुटणारी जोडणी त्याने सुधारते, झाकणाचा त्रास तसाच राहतो. पण सुचवल्याबद्दल आभार.

@पाणंद, हौशी माणसांना मी बोल लावतच नाहीये. पण कर्नलचं बहुतांश काम आज पगारी अभियंते करतात. इंटेलच्या वायफायचा ड्रायव्हर इंटेलचीच माणसं सांभाळतात. मग प्रश्न उरतो तो पगार कशासाठी मिळतो याचा. पैसा सर्व्हरमध्ये आहे. सर्व्हरचं झाकण कुणी मिटत नाही, तो केबलला जोडलेला असतो, हॉटेलच्या लॉगिन पानावर कधी अडकत नाही. डेस्कटॉपवाल्याच्या वाट्याला नेमक्या याच जागा येतात आणि नेमकं इथेच भिजत घोंगडं पडतं.

सांजवात

अर्धविरामांशी सहमत, पण माझा अनुभव वेगळ्या बगचा आहे. २०२२ च्या सुमारास अनेक डिस्ट्रोंनी ओपनएसएसएल ३ (जोडणी सुरक्षित करणारं सॉफ्टवेअर) घेतलं. आमच्या कॉलेजच्या वायफायचा लॉगिन सर्व्हर जुना होता. मुलांचे फोन जोडले जायचे, विंडोज जोडलं जायचं, लिनक्सवर मात्र पासवर्डची खिडकी पुन्हा पुन्हा उघडायची. मुलं बिचारी पासवर्ड बदलून आली, लॅबमधल्या सरांकडे खेटे घातले. खरं कारण लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं: 'अनसेफ लेगसी रीनिगोशिएशन डिसेबल्ड', म्हणजे जोडणीच्या अटी पुन्हा ठरवण्याची जुनी असुरक्षित पद्धत बंद आहे. पण लॉग वाचणार कोण?

कोकणकडा

पण यात लिनक्सची चूक कुठे आहे? टीएलएसमधलं (जोडणी सुरक्षित ठेवण्याच्या नियमांमधलं) ते भगदाड २००९ मध्ये उघड झालं, दुरुस्तीचं मानक २०१० मध्ये आलं. कॉलेजला बारा वर्षं मिळाली होती. असुरक्षित जोडणी नाकारली हे योग्यच केलं. उद्या त्याच वाटेने कुणाचा पासवर्ड गेला असता तर तुम्हीच इथे धागा काढला असता.

सांजवात

नाकारलं ते बरोबर, यावर वाद नाही. पण 'तुमच्या नेटवर्कचा सर्व्हर जुना आहे' एवढं वाक्य पडद्यावर आलं असतं तर मुलांनी पासवर्ड बदलला नसता. बरोबर निर्णय घेऊन तो माणसापासून लपवणं हाही माझ्या लेखी बगच.

पाणंद

सांजवातांचा हा मुद्दा मान्य.

@अर्धविराम, एक विचारतो. जुन्या कर्नलवर झाकणाचा त्रास होता का? नसेल तर हे रिग्रेशन आहे, म्हणजे आधी चालणारं नंतर मोडलं. कर्नलवाले त्याकडे फार गांभीर्याने बघतात. डिस्ट्रोच्या तक्रार-ट्रॅकरवर थांबू नका. कर्नलच्या वायरलेस मेलिंग लिस्टवर लिहा. शेवटची चालणारी आणि पहिली न चालणारी आवृत्ती द्या. जमलं तर बायसेक्ट करून, म्हणजे मधले बदल निम्मे निम्मे करत तपासून, नेमका बदल पकडा.

अर्धविराम

आधीच्या एलटीएस (दीर्घ मुदतीच्या) कर्नलवर त्रास नव्हता. दोन्ही आवृत्त्या देऊन लिस्टवर लिहितो, बायसेक्टही करतो. वाट दाखवलीत, बरं वाटलं.

पण ज्यांनी 'माझ्याकडेही हेच' लिहिलं, त्यातल्या किती जणांना बायसेक्ट जमेल? ढीग आवरायला तक्रारी मिटवा, हरकत नाही. मात्र ज्या चिपचा त्रास अनेकांनी नोंदवलाय, तिचं नाव डाउनलोडच्या पानावर ठळक लिहा: 'या चिपवर सस्पेंडनंतर वायफाय जातं, उपाय सापडलेला नाही.' याला फर्मवेअरचा सोर्स लागत नाही. काकूंच्या मशीनला हात लावण्याआधी ती ओळ मी वाचली असती आणि त्यांना यूएसबीचा अडॅप्टर घ्यायला सांगितलं असतं.