‘दी क्वेल्ला पिरा’: पांढरी एक की पांढरी सात?

धागालेखक: खर्जातला

इटालियन संगीतकार वेर्दीच्या ‘इल त्रोवातोरे’ या ऑपेराच्या (पहिला प्रयोग रोम, 19 जानेवारी 1853) तिसऱ्या अंकाचा शेवट ‘दी क्वेल्ला पिरा’ या गाण्याने होतो. टेनर, म्हणजे पुरुषांच्या उंच आवाजाचा गायक एन्रीको कारुझो याने ते फेब्रुवारी 1906 मध्ये दहा इंची तबकडीसाठी गायले. मूळ स्वरलिपीत हे गाणे सी मेजरमध्ये, म्हणजे आपल्या पेटीवरच्या पांढरी एकमध्ये आहे. कारुझोने ते अर्ध्या स्वराने उतरवून बी मेजरमध्ये, पांढरी सातमध्ये घेतले, असे जुन्या तबकड्यांचे बहुतेक जाणकार मानतात. पट्टी उतरवल्यामुळे या ध्वनिमुद्रणातला आवेशच गेला, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो मला मान्य नाही.

प्रसंग असा आहे की, विवाहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या नायक मान्रीकोला आपली आई आझुचेना हिला चितेवर चढवले जात असल्याची बातमी कळते आणि तो सैनिकांना हाक देऊन निघतो. या गाण्याचा भाव माझ्या मते लयीत आहे. तीन मात्रांची द्रुत, न थांबणारी चाल, तिच्यात वारंवार येणारी जलद स्वरांची छोटी गिरकी आणि त्या गिरकीनंतर लगेच येणारा शब्दाचा आघात, एवढ्यावर ती आग पेटते. गिरकी पुसट झाली, तर पांढरी एकमध्ये गाऊनही चिता विझलेलीच राहते. कारुझोची गिरकी स्वच्छ आहे आणि तो कुठेही रेंगाळत नाही.

शिवाय ज्या वरच्या सी या स्वरासाठी लोक जीव टाकतात, तो वेर्दीने लिहिलेलाच नाही. त्या जागी स्वरलिपीत ‘जी’ हा खालचा स्वर आहे. सी पुढे टेनर गायकांनी रूढ केला. त्यामुळे मूळ स्वरलिपीचा कैवार घेऊन कारुझोवर टीका करणारे लोक प्रत्यक्षात एका प्रथेचा कैवार घेत असतात.

प्रतिसाद: तारसप्तक

आपला शेवटचा मुद्दा बरोबर आहे, परंतु त्यातून आपण काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. सी लिहिलेला नसला तरी दीडशे वर्षांत तो या गाण्याचा अवयव झाला आहे. 7 डिसेंबर 2000 रोजी मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहाच्या हंगामाच्या पहिल्या प्रयोगात वाद्यवृंदसंचालक रिक्कार्दो मूती यांनी टेनर सालव्हातोरे लिचित्रा यांच्याकडून तो वरचा स्वर न घेता हे गाणे गाऊन घेतले, तेव्हा वरच्या सज्जातल्या श्रोत्यांनी उघड निषेध केला. ते श्रोते अडाणी नव्हते. त्यांना जे हवे होते ते स्वरलिपीच्या कागदावर नव्हते, एवढेच.

अर्धा स्वर कानाला किरकोळ वाटतो, गळ्याला तो तसा नसतो. टेनरचा आवाज आपल्या मर्यादेच्या कडेवर गेला की त्यात एक ताण येतो, आणि मान्रीकोची त्या क्षणीची अवस्था नेमकी तीच आहे. पट्टी उतरवणारा गायक तो धोका टाळतो. आपण आवेश लयीत आहे म्हणता. मला तो गळ्याच्या जोखमीत दिसतो.

आणखी एक गोष्ट म्हणजे, याच्या आधीचे संथ गाणे ‘आ सी, बेन मिओ’ डी फ्लॅट मेजरमध्ये, काळी एकमध्ये संपते. मूळ पट्टीत त्यानंतरचा आधारस्वर अर्ध्या स्वराने खाली येतो. केवळ दुसरे गाणे उतरवले की तो पूर्ण स्वराने खाली येतो आणि दोन गाण्यांमधले नाते बदलते.

प्रतिसाद: अठ्ठ्याहत्तर फेरे

आपण दोघेही एक गोष्ट गृहीत धरून भांडत आहात. तबकडीवर पट्टी कोरलेली नसते. तबकडी किती वेगाने फिरते यावर पट्टी आणि लय दोन्ही एकदम ठरतात. त्या काळी ध्वनिमुद्रणाचे यंत्र खाली उतरणाऱ्या वजनाच्या बळावर फिरत असे आणि वेग कंपनीगणिक, कधीकधी सत्रागणिक बदलत असे. मिनिटाला 78 फेरे हे प्रमाण विजेच्या मोटारी आल्यानंतर स्थिरावले.

अर्धा स्वर म्हणजे वेगात सुमारे सहा टक्के फरक. जी तबकडी मिनिटाला 73.6 फेऱ्यांवर बी मेजर ऐकवते, तीच 78 वर सी मेजर ऐकवेल, आणि तीन मिनिटांची बाजू सुमारे दहा सेकंद आधी संपेल. म्हणजे पट्टी ‘दुरुस्त’ करणारा माणूस नकळत लयही चढवतो. शिवाय स्वरवर्ण उजळ आणि पातळ होतात, आवाजातला कंप घाईचा वाटतो, आणि भरदार गळ्याचा माणूस तरुण व किंचित चिडखोर भासू लागतो. मग लोक म्हणतात, “पाहा, किती आवेश आहे!” तो आवेश फिरत्या चकतीचा असतो.

मात्र पट्टी गृहीत धरून वेग ठरवायचा आणि त्याच वेगावरून पट्टी सिद्ध करायची, हे वर्तुळ झाले. त्यातून बाहेर पडण्याचा मार्ग म्हणजे त्याच सत्रात, त्याच यंत्रावर झालेली इतर ध्वनिमुद्रणे त्याच वेगाने लावून ऐकणे. त्या सर्वांमध्ये गळा एकाच माणसाचा आणि एकाच वयाचा वाटला पाहिजे. मी बी मेजरच्या बाजूने आहे तो या कसोटीमुळे; कागदावर काय लिहिले आहे यामुळे नव्हे.

धागालेखक: खर्जातला

अठ्ठ्याहत्तर फेरे यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि माझा मुद्दा त्याने पक्काच होतो, कारण वेग चढवल्यावर जो जोश वाटतो त्यातला बराच भाग लयीचा असतो.

तारसप्तक यांना एक विचारावेसे वाटते. ‘मूळ पट्टी’ म्हणजे कोणती? 1853 मध्ये इटलीत सर्व नाट्यगृहांना एकच स्वर बांधून दिलेला नव्हता. स्वतः वेर्दीने 1884 मध्ये ए या स्वरासाठी सेकंदाला 432 कंपनांचा पुरस्कार केला होता, आणि आज आपण 440 वापरतो. हा फरक अर्ध्या स्वराच्या जवळजवळ एक तृतीयांश भरतो. आजचा टेनर ‘मूळ’ पट्टीत गातो तेव्हा तो वेर्दीला हव्या असलेल्या पट्टीपेक्षा वर गात असतो. दोन गाण्यांमधल्या नात्याबद्दल म्हणाल, तर या तबकडीवर आधीचे गाणे नाही. जे नाते ऐकूच येत नाही त्याच्या भंगाची तक्रार या ध्वनिमुद्रणापुरती तरी मी स्वीकारत नाही.

प्रतिसाद: चौथी तार

मी हौशी व्हायोलावादक आहे आणि वाद्यवृंदाकडे कोणीच पाहिले नाही म्हणून लिहीत आहे. व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे) आणि चेलो (त्याहूनही मोठे) या दोन्ही तंतुवाद्यांची सर्वांत खालची मोकळी तार सी आहे. सी मेजरमध्ये ती मोकळी घुमते. बी मेजरमध्ये आधारस्वर तिच्याही खाली जातो, म्हणजे त्या वाद्यांना तो खालच्या जागी मिळतच नाही आणि एक सप्तक वर उचलावा लागतो. नाट्यगृहात हे जाणवते.

मराठी श्रोत्याला याचे महत्त्व पटवणे कठीण जाते, हे मी घरीच अनुभवले आहे. आपल्याकडे षड्ज गायकाच्या गळ्याप्रमाणे लावतात. काळी एकमध्ये गायलेला यमन आणि काळी चारमध्ये गायलेला यमन यांत राग बदलत नाही. मला शंका आहे की धागालेखकांचा कानही त्याच सवयीने न्याय करतो. वाद्यवृंदाचा तंबोरा मात्र गायकासाठी पुन्हा जुळवला जात नाही.

धागालेखक: खर्जातला

शंका रास्त आहे. माझा कान तंबोऱ्यावरच घडला आहे. परंतु 1906 मध्ये सगळे वादक आवाज टिपणाऱ्या एका कर्ण्यासमोर दाटीने बसत आणि खालच्या तंतुवाद्यांचा आवाज तबकडीवर जेमतेम उतरत असे. म्हणून त्यांची जागा पुष्कळदा ट्यूबासारख्या फुंकवाद्यांना दिली जाई. आपली मोकळी तार नाट्यगृहात हरवेल हे मी मान्य करतो, पण या तबकडीवर ती पांढरी एकमध्येही ऐकू आली नसती.

प्रतिसाद: तारसप्तक

तार ऐकू आली नसती, पण गळा ऐकू आला असता, आणि कर्ण्याने सर्वांत चांगला टिपला तो टेनरचाच. काल रात्री मी ही तबकडी दोन्ही वेगांनी ऐकली. 78 वर ती खोटी वाटते, हे कबूल करतो. कमी वेगावर गळा खरा वाटतो, पण तोच गळा वरच्या स्वरावर मला फार निवांत ऐकू आला, आणि ज्याची आई जळते आहे तो मुलगा इतका निवांत असणे मला अजूनही पटलेले नाही.