दुपारचं जेवण टाळू नका

मधुमेह असलेल्यांनी संध्याकाळच्या मेजवानीसाठी दुपारी उपाशी राहायचं, असं काहीजण सुचवतात. मला नाही पटलं. मागे एका सणाला मी तेच केलं होतं. सकाळचं इन्सुलिन घेतलेलं, पोट रिकामं. पाहुणे यायच्या आतच हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला. रक्तातली साखर ६२ mg/dL! (७०च्या खाली म्हणजे कमीच.) १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. मग भुकेपोटी दुप्पट हाणलं, ते वेगळंच.

आता वेळेवर थोडं खातो. ताटातलं आधी भाज्या आणि प्रथिनं, गोड शेवटी, तेही खरंच आवडतं तेवढंच. 'शुगरफ्री'वर भुलू नका, पिठातली कर्बोदकं (त्यांचीही शेवटी साखरच होते) कुठे जातात? जेवणानंतर पंधरा मिनिटं चालतो. गप्पा चालतानाही होतात.