चिनी एसकेएस परत येणार म्हणे! कुठून येणार?

नाना_ह्यूस्टन
परवा इथेच एकाने लिहिलं, की चीनशी व्यापाराच्या वाटाघाटी चालल्यात, आता नोरिंको या चिनी कंपनीच्या रायफली पुन्हा अमेरिकेत येतील, शंभर डॉलरला एसकेएस (जुन्या सोव्हिएत बनावटीची रायफल, तिची चिनी नक्कल) मिळेल, पैसे बाजूला काढून ठेवा. त्यावर लोकांनी धडाधड अंगठे दिले. माझं डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

शंभरच्या आत मिळायची हे खरं. १९९२ मध्ये गन शोमध्ये ग्रीसने बरबटलेल्या एसकेएस लाकडी खोक्यांत रचलेल्या मी पाहिल्यात. पण आयातीच्या दाराला कुलुपं दोन आहेत, आणि तुम्ही एकाचंच बोलताय. जानेवारी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनच्या प्राथमिक शाळेत पाच मुलं मारली गेली. रायफल चिनी, टाइप ५६ ची, म्हणजे एके-४७ च्या चिनी नकलेची, नागरी आवृत्ती. त्याच वर्षी थोरल्या बुशच्या सरकारने ४३ प्रकारच्या रायफलींची आयात बंद केली. आधार १९६८ च्या बंदूक कायद्याचा: शस्त्र खेळाच्या किंवा शिकारीच्या कामाचं असेल तरच आत. हे कुलूप चीनपुरतं नाही, सगळ्या जगाला आहे. दुसरं मे १९९४ चं. क्लिंटनने चीनची व्यापारी सवलत चालू ठेवली आणि त्याच घोषणेत चिनी रायफली, पिस्तुलं आणि काडतुसं यांची आयात बंद केली. उद्या दुसरं उघडलं तरी पहिलं तसंच.

मावळा७६२
नाना, अर्धवट सांगू नका. १९९४ चा निर्णय राष्ट्राध्यक्षांचा होता, संसदेने केलेला कायदा नव्हे. एका सहीने आला, एका सहीने जाईल. आणि १९८९ नंतरही दहा गोळ्यांचं पक्कं (काढता न येणारं) मॅगझिन असलेली एसकेएस येतच होती, म्हणून तर १९९२ मध्ये तुम्हाला दिसली! एके घराण्यातलं म्हणाल तर रोमानियाच्या कशा येतात? साध्या रूपात आणायच्या, इथे अमेरिकन भाग बसवून परदेशी भागांची संख्या दहाच्या आत ठेवायची. रोमानियाला चालतं ते चीनला का नाही?

नाना_ह्यूस्टन
पक्क्या मॅगझिनचं बरोबर आहे. माझ्या लिहिण्यात ते सुटलं. पण सही करणार कोण? बंदूकवाल्यांच्या बाजूचे नेते चीनचं नाव काढलं की उठतात, आणि दुसऱ्या बाजूला बंदूकच नको आहे. १९९६ मध्ये ओकलंडला दोन हजार चोरट्या एके पकडल्या, त्यात नोरिंकोशी संबंधित माणसांवर खटला झाला. २००३ मध्ये इराणच्या क्षेपणास्त्रांवरून नोरिंकोवर निर्बंध आले. एवढं सगळं पुसून कुणी सही करेल? आणि केली तरी वर आयात शुल्क आहेच. शंभर डॉलर विसरा.

श्रीवर्धनची_सून
माफ करा, पण हे वाचून अंगावर काटा आला. तुम्ही जिला टाइप ५६ म्हणताय तिलाच आपण एके-५६ म्हणतो ना? १९९३ मध्ये आमच्या शेखाडीला शस्त्रांचा जो माल उतरला त्याच्याशी हा शब्द जोडलेला आहे. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. माझे सासरे तेव्हा बोर्लीला दुकान चालवायचे, नंतर कित्येक महिने अनोळखी गाडी दिसली तरी लोक दारं लावून घ्यायचे. आणि इथे आपली मराठी मुलं तीच रायफल स्वस्तात कधी मिळेल याची वाट बघतायत?

मावळा७६२
ताई, एसकेएस आणि एके-५६ या दोन वेगळ्या बंदुका आहेत. एसकेएस एका चापाला एकच गोळी सोडते.

श्रीवर्धनची_सून
स्टॉकटनच्या मुलांनाही एका चापाला एकच गोळी लागत होती.

फौजीची_लेक
माझे बाबा काश्मीरमध्ये होते. अतिरेक्यांकडून पकडलेल्या रायफलींवर त्रिकोणात ६६ असा चिनी कारखान्याचा छाप असायचा, बाबा तो बोटाने दाखवायचे. नोरिंको चीन सरकारची कंपनी आहे, चिनी सैन्याला माल देते. गलवानला २० जवान गेले तेव्हा याच ग्रुपवर चिनी फोन फोडायची भाषा चालली होती. मग चिनी रायफलीला पैसे कसे द्यायचे?

कॅल्गरी_कुलकर्णी
आमच्या कॅनडात नोरिंको वर्षानुवर्षं मिळत आली, कुणाचं आभाळ कोसळलं नाही. २०२० मध्ये नोव्हा स्कोशियात २२ जण मारले गेले, त्यानंतर दीड हजार प्रकारांवर बंदी आली, त्यात माझी एम-१४ या अमेरिकन रायफलीची चिनी नक्कलही गेली. रीतसर परवाना, रीतसर तिजोरी, एक दिवस सरकार म्हणतं तुझी वस्तू बेकायदा. एसकेएस मात्र त्या यादीत नव्हती, इथले मूलनिवासी शिकारीही ती वापरतात. स्वस्त बंदूक म्हणजे गुन्हेगाराचीच, असं नसतं.

देवगडकर
सरकारने बंदूक नेण्याचं दुःख कॅल्गरीवाल्यांनी आम्हाला सांगू नये. आमच्या घरी शेती संरक्षणाचा परवाना, आजोबांपासूनची ठासणीची बंदूक. प्रत्येक निवडणुकीला आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत! माकडांना आचारसंहिता नसते. गेल्या खेपेला बंदूक सोडवून आणेपर्यंत माडावर एक शहाळं उरलं नव्हतं, डुकरांनी भात लोळवला तो वेगळाच.

श्रीवर्धनची_सून
हे मात्र अगदी खरं. आमच्याकडे सुपारीचं तेच झालं.

कणकवली_ते_न्यूजर्सी
देवगडकर, बंदूक असून तरी काय करता? माकडावर गोळी घातली तर वनखातं दारात. नुसता बार काढायचा, आणि माकडं तेवढ्यात पलीकडच्या माडावर. माझ्या काकांनी कंटाळून परवान्याचं नूतनीकरणच सोडलं.

देवगडकर
बार काढला की निदान दोन दिवस येत नाहीत! तुमच्या काकांनी बाग विकली असेल म्हणून त्यांना फरक पडत नाही.

कणकवली_ते_न्यूजर्सी
बाग विकलेली नाही. काका ८१ वर्षांचे आहेत आणि रोज पहाटे पत्र्याचा डबा बडवत बागेत फिरतात. घरच्यांबद्दल बोलायचं काम नाही.

देवगडकर
काकांबद्दल बोललो ते चुकलं. पण नूतनीकरणाला सहा फेऱ्या मारल्यात मी, प्रत्येक वेळी नवा कागद. ते बोलल्याशिवाय राहवत नाही.

नाना_ह्यूस्टन
मंडळी, धागा चिनी रायफलींचा आहे.

फौजीची_लेक
नाना, तोच चालू आहे. देवगडच्या बागायतदाराला ठासणीच्या बंदुकीसाठी सहा फेऱ्या, आणि इथे सैन्याच्या धर्तीची रायफल शंभर डॉलरला हवी म्हणून भांडण. गरज कुणाची आहे?

मावळा७६२
गरज नाही, आवड आहे, आणि मी ती लपवत नाही. शाळेत एनसीसीत पॉइंट टू-टू रायफलीने पहिल्यांदा नेम धरला तेव्हापासून आहे. स्वप्नील कुसळेने पॅरिसला कांस्य जिंकलं तेव्हा इथे सगळ्यांनी पेढे वाटले, तीही रायफलच होती. माझी एसकेएस दर शनिवारी रेंजवर जाते आणि परत तिजोरीत जाते. २०२१ मध्ये रशियाची काडतुसं बंद झाल्यापासून तेही कमी केलंय, परवडत नाही. नानांचं एवढं मान्य करतो, की बंदी उठली तरी जुनी किंमत परत येणार नाही. पण उठणारच नाही, हे मला मान्य नाही.

आणि फौजीची_लेक, तुमचं वाचल्यावर तिजोरी उघडून बघितली. माझ्या एसकेएसवर त्रिकोणात २६ आहे. काश्मीरच्या ६६ चं मला आजवर माहीत नव्हतं. बंदूक विकणार नाही, पण नवी आली तर घेईन का, ते आज सांगता येत नाही.

फौजीची_लेक
एवढं लिहिलंत तेही पुष्कळ. बाबांना वाचून दाखवते.

देवगडकर
नवा धागा काढतोय, शेती संरक्षण परवान्यांचा. ज्यांच्या बंदुका निवडणुकीनंतर अजून ठाण्यातच पडून आहेत त्यांनी जमा केल्याची तारीख लिहा. गाव लिहिलं नाही तरी चालेल.