लहान मुलांना घेऊन पाण्याकाठच्या गावात एक दिवस: पुण्याहून कुठे जावं?

मृण्मयी_कोथरूड

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. मोठा सहा वर्षांचा, धाकटी साडेतीनची, सोबत सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात म्हणून फार चढउतार नको. सकाळी निघून संध्याकाळी घरी यायचंय. रिसॉर्ट, वॉटर पार्क, रेन डान्स यातलं काही नकोय, तिथून मुलं दमून चिडचिडी होऊनच परत येतात. मला पाण्याकाठचं साधं गाव हवंय जिथे सतरंजी टाकून बसता येईल, मुलं मातीत खेळतील, कोणाच्या तरी घरचं गरम जेवण मिळेल आणि दिवसभरात एकदाही "चला चला, उशीर होतोय" म्हणावं लागणार नाही.

डोक्यात पानशेत, पवना आणि भिगवणजवळचं कुंभारगाव आहे. पवनेच्या काठाला आता सगळीकडे टेंट आणि स्पीकर, त्यामुळे ते जवळजवळ बाद केलंय. कुंभारगावला फ्लेमिंगो दिसतात म्हणून मोठा हटून बसलाय. नाताळच्या सुट्टीत जायचा विचार आहे. एवढ्या लहान मुलांना बोटीत नेणं ठीक आहे का? टॉयलेटचं काय? आणि धाकटीला गाडी लागते, तर तेवढं लांब जावं की जवळच कुठेतरी बघावं?

रानवाटा

कुंभारगावच करा, फक्त डिसेंबरचा आग्रह सोडा. तिथलं पाणी म्हणजे उजनी धरणाचं बॅकवॉटर. पाऊस चांगला झाला असेल तर डिसेंबरात ते काठोकाठ भरलेलं असतं आणि फ्लेमिंगोंना नेमकं तेच चालत नाही, त्यांना गुडघाभर पाणी आणि खाली गाळ लागतो. पाणी ओसरायला लागलं, गाळाचे पट्टे उघडे पडले की ते येतात. म्हणून जानेवारीचा शेवट ते मार्चची सुरुवात हा काळ भरवशाचा. सहा वर्षांच्या मुलाला फ्लेमिंगो दाखवतो सांगून नेलं आणि दिसलेच नाहीत तर दिवसभर तेच ऐकत बसावं लागेल, त्यापेक्षा महिनाभर थांबा. २६ जानेवारीला जोडून सुट्ट्या आल्या तर तो वीकएंड टाळा, प्रचंड गर्दी होते. शक्यतो मधला वार बघा.

रस्ता सोपा आहे, सोलापूर हायवेने यवत, चौफुला, कुरकुंभ करत भिगवण आणि तिथून थोडं पुढे गेल्यावर डावीकडे आत. कोथरूडहून शंभरच्या थोडं वर किलोमीटर होतात. पहाटे साडेपाचला निघालात तर हडपसर-लोणीचं ट्रॅफिक लागत नाही आणि मुलं गाडीत झोपूनच येतात. बोटवाल्याशी आदल्या दिवशी फोनवर बोलून ठेवा. तिथले बोटवाले बहुतेक मासेमारी करणारेच आहेत, हिवाळ्यात पक्षी दाखवतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना कुठला पक्षी कुठल्या बाजूला बसलाय हे पक्कं ठाऊक असतं. जेवण पण त्यांच्याच घरी सांगता येतं. मासे, भाकरी, पिठलं, ठेचा असं असतं, मुलांसाठी बिनतिखटाचं वरण-भात आधीच सांगून ठेवा कारण रस्सा चांगलाच झणझणीत असतो.

बोटीबद्दल: लहान मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का हे बुकिंग करतानाच विचारा. मोठ्यांचं जॅकेट साडेतीन वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरून सरकून जातं, त्याचा उपयोग शून्य. मापाचं नसेल तर पुण्याहून विकत घेऊन न्या नाहीतर धाकटीला बोटीत नेऊच नका, आजीबरोबर काठावर बसू दे. काठावरून पण शेकाट्या, बगळे, खंड्या, पाणकावळे भरपूर दिसतात.

आणि बोटीत एक गोष्ट मुलाला मुद्दाम दाखवा. पक्षी जवळ आले की बोटवाला इंजिन बंद करून बांबूने बोट ढकलतो, मग एकदम शांत होतं. तेव्हा फ्लेमिंगो खातो कसा ते बघायला सांगा. तो मान पूर्ण खाली घालून चोच उलटी करतो, वरची बाजू खाली, पायांनी गाळ ढवळतो आणि चोचीतून पाणी गाळून त्यातलं बारीकसारीक खातो. त्या खाण्यातल्या शेवाळातून आणि झिंग्यासारख्या बारीक जिवांमधूनच त्याला गुलाबी रंग येतो, म्हणून थव्यातली पिल्लं राखाडी-मळकट दिसतात. मुलं पिल्लं ओळखायच्या नादाला लागली की अर्धा तास कसा गेला कळत नाही. दुर्बीण न्या, साधी असली तरी चालेल. कुरव पक्षी बोटीमागे येतात त्यांना शेव-गाठ्या टाकू नका, बाजूच्या बोटीतून कोणी टाकत असेल तरी.

अनघा_पी

रानवाटा यांची माहिती एकदम बरोबर आहे पण मी वेगळं सुचवते. गाडी लागणाऱ्या साडेतीन वर्षांच्या मुलीला जाऊन येऊन दोनशेच्या वर किलोमीटर, हा रिलॅक्स्ड दिवस नाही होत. परतीला ऊन तोंडावर, पोट भरलेलं आणि हडपसरला शिरता शिरता संध्याकाळचं ट्रॅफिक, तिथेच सगळं बिनसतं.

त्यापेक्षा भोरकडे जा. सातारा रोडने नसरापूरपर्यंत, चेलाडी फाट्यावरून आत बनेश्वर. गर्द झाडी आहे, देवळासमोर कुंडं आहेत, कुंडातले मासे बघत मुलं कितीही वेळ काढतात आणि सासूबाईंना सावलीत बसता येतं, चढ अजिबात नाही. सकाळचा नाश्ता तिथे घरूनच नेलेला करा, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दही असलं की काही बघायला नको. मग कापूरहोळवरून भोर रस्त्याला लागा आणि भाटघरच्या बॅकवॉटरकडे. धरण जुनं आहे, १९२८ मधलं, लॉइड धरण म्हणायचे त्याला. काठाने छोटी छोटी गावं आहेत, फारसं कोणी फिरकत नाही. भोरचा भाग तांदळाचा, घरगुती जेवणात आंबेमोहोर किंवा इंद्रायणीचा गरम भात मिळाला तर मुलं नुसता तूप-मीठ घालून खातात, वेगळं काही मागत नाहीत.

गाडीचं म्हणाल तर निघताना दूध देऊ नका, कोरडं काहीतरी थोडंसं द्या, काच अर्धी उघडी ठेवा आणि मोबाइल अजिबात हातात नको, खाली बघितलं की जास्त मळमळतं. दर पाऊण तासाने पाच मिनिटं उतरवा.

पानशेत मला स्वतःला रविवारी नको वाटतं, खडकवासला चौपाटीवर कणसं-भजीच्या गाड्यांपाशीच तासभर अडकायला होतं. मधल्या वारी सकाळी लवकर गेलात तर छान आहे, पाणीही सुंदर आणि जवळही.

भोरकर

मी धरणकाठच्याच गावातला, त्यामुळे ताई, तुम्हाला दोन गोष्टी कळकळीने सांगतो.

पहिली पाण्याची. शहरातले लोक याला तळं समजतात. हे तळं नाही, बुडालेली शेतं आहेत. पाण्याखाली आमच्या जुन्या शेतांचे बांध तसेच आहेत, विहिरी आहेत. काठाला घोटाभर पाणी दिसतं, चार पावलं पुढे गेलात की बांध संपतो आणि एकदम डोक्याएवढी खोली. त्यात गाळ. वरून गाळ सुकलेला दिसतो, पाय ठेवला की मांडीपर्यंत आत जातो, आमची जनावरं सुद्धा कधीकधी रुततात. चांगले पोहणारे जवान लोक पण बुडतात ते यामुळेच. तेव्हा मुलांना "फक्त पाय बुडव" एवढंही सोडू नका. पाण्यापासून लांब, झाडाखाली सतरंजी टाका आणि मोठ्यांपैकी एकाने फक्त मुलांकडे बघायचं, त्याने फोटो काढायचे नाहीत, फोनवर बोलायचं नाही. तासाने दुसऱ्याने. पाण्यात खेळायचंच असेल तर बादलीभर पाणी वर आणून द्या, लहान पोरांना तेवढं पुरतं.

दुसरी गावाची. जेवण सांगायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा, किती माणसं ते नक्की सांगा. चुलीवर भाकऱ्या थापणारी बाई सकाळी रानात जाऊन आलेली असते, तुम्ही बारा वाजता अचानक दहा जणांचं सांगितलंत तर तिचा दिवस मोडतो. ठरलेले पैसे तिच्याच हातात द्या. गाडी पाणंदीत लावू नका, तिथून बैलगाडी, ट्रॅक्टर जातो. शेतात शिरायच्या आधी विचारा, कोणी नाही म्हणत नाही, उलट वाटाण्याच्या शेंगा तोडून देतील पोरांना. आणि डायपर कृपा करून परत पुण्याला न्या. कुत्री ते ओढत ओढत आमच्या खळ्यापर्यंत आणतात.

मुलांना काय दाखवायचं विचाराल तर वेगळं काही नाही लागत. गोठ्यात वासरू असतं, कोंबड्या असतात, कोणीतरी जाळं विणत किंवा सांधत बसलेलं असतं. त्या माणसाजवळ दहा मिनिटं बसवा, तो पोरांच्या हातात सुतळी देतो.

निखिल_वानवडी

भोरकर दादांचं पाण्याबद्दलचं प्रत्येकाने वाचावं असं आहे.

टॉयलेटचं राहिलं सांगायचं. कुंभारगावात जिथे जेवण सांगाल त्या घरी सोय होते, पण बहुतेक ठिकाणी भारतीय बैठकीचं असतं, सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार करून आधी विचारून घ्या. हायवेवरच्या मोठ्या हॉटेलात कमोड मिळतो, तिथे जाता-येता थांबायचं ठरवूनच ठेवा. घडीची प्लास्टिक खुर्ची गाडीत टाका, सतरंजीवरून उठणं-बसणं त्यांना जड जाईल आणि बोटीत चढतानाही तीच पायरी म्हणून वापरता येते, बोटवाला धरतो.

तसंच कुंभारगावला गेलात तर त्याला जोडून भुलेश्वर, मोरगाव, पळसदेव असं काही घेऊ नका. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ उजनीच्या पाण्यात आहे, उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की उघडं पडतं, बघण्यासारखं आहेच, पण ते मुलं मोठी झाल्यावर. लहान मुलांबरोबर एका दिवसात एकच जागा. बोट सकाळी आठच्या आत, साडेदहापर्यंत काठावर परत, जेवण, मग मुलांना त्याच घराच्या ओसरीवर झोपू द्या, आणि तीनच्या आसपास निघा. मधल्या वेळात काहीही करायचं नाही, हे आधीच ठरवलेलं असलं की मोठी माणसं पण स्वस्थ बसतात.

मृण्मयी_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं. भोरकर दादा, बादलीची कल्पना तर लगेच उचलली, आणि डायपरचं लक्षात ठेवीन, वेगळी झाकणाची बादलीच गाडीत ठेवते.

सध्या असं ठरतंय की नाताळात बनेश्वर आणि भाटघर, जवळ आहे आणि धाकटीची गाडीची परीक्षा पण होईल. ती नीट आली तर फेब्रुवारीत नवरा मधल्या वाराची रजा टाकेल आणि मोठ्याला कुंभारगाव. त्याला कारण सांगितलं की पाणी उतरल्याशिवाय फ्लेमिंगो येत नाहीत, तर आता रोज विचारतोय उतरलं का. अनघा, भाटघरच्या काठाला घरगुती जेवणासाठी आधी ओळख नसेल तर कसं करायचं?

अनघा_पी

भोरमध्ये पोचल्यावर शोधू नकोस, तोवर उशीर होतो. चार-पाच दिवस आधी काठच्या एखाद्या गावातल्या किराणा दुकानात नाहीतर ग्रामपंचायतीत फोन लावून विचार, कोणीतरी नाव सुचवतंच. नाहीच जमलं तर घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दहीभात ने, तेही तितकंच छान लागतं. सकाळी तिकडे चांगलीच थंडी असते, मुलांच्या कानटोप्या आणि सासूबाईंची शाल हाताशी ठेव, डिकीत नको.

भोरकर

ताई, तारीख ठरली की इथेच लिहा. आमच्या बाजूला येणार असाल तर कोणाकडे जेवण होईल ते विचारून सांगतो. त्या सुमारास पावटा आणि वाल रानात असतात, जेवणात पावट्याची उसळ सांगा, आणि मुलांसाठी बिनतिखटाची वेगळी काढायला सांगायला विसरू नका.