पेरेंटचा कन्स्ट्रक्टर आपोआप चालायला नको का?

रानवारा:
काल चक्रधर यांनी लिहिलं, "पीएचपीत चाइल्डने स्वतःचा कन्स्ट्रक्टर लिहिला की पेरेंटचा चालत नाही, हे बरोबरच आहे. विसरणाऱ्याने मॅन्युअल वाचावं." वाचून डोकंच फिरलं. (नवख्यांसाठी: पीएचपी ही वेबसाइटच्या कोडची भाषा; कन्स्ट्रक्टर म्हणजे क्लासपासून ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारं फंक्शन; चाइल्ड म्हणजे पेरेंट क्लासवर उभा केलेला क्लास.) आमच्याकडे कराचा दर पेरेंटच्या कन्स्ट्रक्टरमध्ये भरला जायचा. एकाने सवलतीच्या बिलासाठी चाइल्ड क्लास केला आणि पेरेंटला कॉल करायचा राहिला. दर नल, म्हणजे किंमतच नाही. नलने गुणलं की शून्य, एरर नाही, वॉर्निंग नाही. तीन दिवस बिलं कराशिवाय गेली! जावास्क्रिप्टमध्ये सुपरच्या (पेरेंटच्या कॉलच्या) आधी धिसला (बनत असलेल्या ऑब्जेक्टला) हात लावला की तिथल्या तिथे रेफरन्स एरर येते. आम्हीच का रात्री जागायचं?

चक्रधर:
रात्र जागवली ती टाइप (कुठल्या प्रकारची किंमत चालेल ते) न लावलेल्या प्रॉपर्टीने, म्हणजे दर ठेवायच्या जागेने. पीएचपी ७.४ पासून टाइप लावायची सोय आहे. फ्लोट (दशांश संख्या) लिहिलं असतंत तर पहिल्याच बिलाला प्रोग्राम थांबवणारी फेटल एरर आली असती.

तिठा:
खरा घात पीएचपी ८.० ने केला. क्लासच्याच नावाचं फंक्शन म्हणजे कन्स्ट्रक्टर, ही पीएचपी ४ ची रीत. २०२० मध्ये ती काढली आणि ते फंक्शन गुपचूप साधी मेथड झालं, आपोआप चालेना. होस्टिंगवाल्याने व्हर्जन बदललं, सकाळी ग्राहकाचा फोन: "साइट उघडते, पण सगळं रिकामं."

सातारकर:
२००४ पासून कन्स्ट्रक्टरला ठरलेलं एकच नाव देण्याची नवी पद्धत आहे, २०१५ पासून जुन्या रीतीला डेप्रिकेटेडची (पुढे काढणार अशी) सूचना येते. अजून किती वर्षं हवी होती?

तिठा:
सूचना लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींत) येते हो! कोड लिहिणारा कधीच सोडून गेला, माझ्या गळ्यात पडलेली साइट आहे ती. ग्राहकाने महिन्याचे पैसे अडवले माझे, तुमचे नाही.

सातारकर:
आवाज चढवून कोड सुधारत नाही. अपग्रेडआधी एकदा शोध मारला असता तर तासाभराचं काम होतं.

रानवारा:
अहो, पेरेंटच्या कॉलचं बोला की कुणीतरी!

चक्रधर:
बोलतो. आपोआप कॉल नकोच. मी आधी आर्ग्युमेंट (कन्स्ट्रक्टरला दिलेल्या किमती) तपासतो, मग पेरेंटकडे पाठवतो, कधी वेगळीच पाठवतो. जावातसुद्धा पेरेंटला आर्ग्युमेंट हवी असली की सुपर हातानेच लिहावं लागतं.

रानवारा:
पण तिथे विसरलं तर कंपाइलच होत नाही, चालायच्या आधीच अडतं!

चक्रधर:
बरं, एवढं मान्य. कॉल राहिला तर पीएचपीने निदान वॉर्निंग द्यावी. त्यापुढे एक पाऊल नाही.

रानवारा:
मीही आज टाइप लावले, तुमचं ऐकून. पेरेंटचे अकरा चाइल्ड निघाले. आणखी दोघांत कॉल राहिलेलाच होता.